नागपूरहून मुंबईजवळच्या बेटांवर : आधी तिथी पाहावी, मग तिकीट काढावे

अंबाझरीचे किंवा फुटाळ्याचे पाणी सकाळी जिथे असते तिथेच ते संध्याकाळीही असते, त्यामुळे पाण्याची वेळ पाहून घराबाहेर पडण्याची सवय आम्हा नागपूरकरांना नसते. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब अलिबागच्या किनाऱ्यावर भर दुपारी बारा वाजता पोहोचलो, तेव्हा कुलाबा किल्ल्याच्या चारही बाजूंना समुद्र तुडुंब भरलेला होता आणि वारा जोराचा असल्यामुळे त्या दिवशी होड्याही सुटत नव्हत्या. पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती. मुलांनी किल्ला वाळूत बसून लांबूनच पाहिला आणि आम्ही परत फिरलो. साडेआठशे किलोमीटरांचा प्रवास करून येणाऱ्या इतर कुटुंबांवर ही वेळ येऊ नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात घारापुरीपासून करावी, कारण नागपूरकरांना ती सर्वांत सोयीची आहे. विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तेथून गेटवे ऑफ इंडिया टॅक्सीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. स्थानकावरच आंघोळ-नाश्ता आटोपून, सामान तेथील सामानघरात ठेवून निघाल्यास हॉटेलची खोली न घेताही हा दिवस पार पडतो. फक्त एक पथ्य पाळावे लागते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवारी संध्याकाळी नागपूरहून गाडीत बसणाऱ्यांनी आपला बेत एक दिवस मागे किंवा पुढे घ्यावा.

गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुटू लागतात आणि बेटावर पोहोचायला साधारण एक तास लागतो. जाण्या-येण्याचे तिकीट एकत्रच मिळते, म्हणून ते परतीपर्यंत जपून ठेवावे. लाँचमध्ये चढताच लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि ते मांडीवर न ठेवता अंगात घालून बांधावे. याच जलमार्गावर 18 डिसेंबर 2024 रोजी प्रवासी बोट आणि नौदलाची स्पीड बोट यांची टक्कर होऊन अनेकांचे प्राण गेले होते, हे लक्षात घेता उकाड्याचे कारण सांगून जॅकेट काढू नये आणि मुलांनाही काढू देऊ नये. ज्यांना बोट लागते त्यांनी वरच्या मजल्याचा मोह टाळून खाली, मध्यभागी बसावे, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. निघण्यापूर्वी तळलेले पदार्थ खाऊ नयेत. हिवाळ्यात जात असल्यास घरून आणलेली चार संत्री जवळ असावीत, मळमळीत त्यांचा फार आधार होतो.

बेटावरच्या लांब धक्क्यावर छोटी रेल्वे धावते आणि त्यापुढे सुमारे सव्वाशे पायऱ्या चढाव्या लागतात, ज्येष्ठांसाठी डोलीची सोय असते. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. खरेदी उतरताना करावी आणि चढताना थेट वर जावे, कारण परतीच्या लाँचची वेळ ठरलेली असते आणि बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. माकडांमुळे खाण्याची पिशवी हातात उघडी ठेवू नये.

पहिल्या, म्हणजे मुख्य लेण्यासाठी निदान दीड तास राखून ठेवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील या लेण्याला 1987 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. प्रवेश उत्तरेकडून आहे आणि समोर दक्षिणेच्या भिंतीत साडेपाच मीटरांहून थोडी कमी उंचीची सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती आहे. बहुतेक लोक तिच्यासमोर छायाचित्र काढून परततात, परंतु तिच्या एका बाजूस अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूस गंगाधर आहे, शिवाय कैलास हलवणारा रावण, अंधकासुरवध, नटराज आणि शिवपार्वतीचा विवाह ही शिल्पे वेगवेगळ्या भिंतींवर आहेत. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत पाच मिनिटे नुसते उभे राहावे. त्यानंतर मधल्या मुखाच्या मिटलेल्या पापण्यांवरून प्रकाश सरकताना दिसतो, आणि रामटेकला केवल नरसिंहाच्या मंदिरात उभे राहिलेल्या माणसाला ती शांतता ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो आता बेटावर नाही. तो मुंबईत भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, दुसऱ्या दिवशी वेळ मिळाल्यास तो अवश्य पाहावा.

आता कुलाबा किल्ला, ज्यासाठी तिथी पाहावी लागते. गेटवेवरून मांडव्याला बोटीने साधारण तासाभरात पोहोचता येते आणि पुढे अलिबागपर्यंतचा वीस किलोमीटरांचा प्रवास अनेकदा त्याच तिकिटात बसने होतो. किल्ला किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटरांवर आहे आणि ओहोटीला तेथे चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाला पाऊण तासाने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि तिच्या साधारण सव्वासहा तास आधी किंवा नंतर पूर्ण ओहोटी असते. उदाहरणार्थ, षष्ठीला सहा गुणिले पाऊण म्हणजे पहाटे साडेचारला भरती, म्हणून सकाळी साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास ओहोटी. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून नव्याने मोजावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असते आणि भरती नेमकी दुपारी बाराच्या सुमारास येते, आमचा बेत फसला तो यामुळेच. याउलट अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते. तेव्हा ओहोटी दुपारी असली तरी पाणी पुरते हटत नाही, आणि वाटेत गुडघाभर पाणी लागू शकते. म्हणून मुंबईहून सकाळी पहिल्या बोटींनी येणाऱ्यांसाठी पंचमी किंवा षष्ठी मला सर्वांत योग्य वाटते. हा हिशेब दिवस ठरवण्यापुरताच वापरावा, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांचा शब्द अखेरचा मानावा. ओहोटीच्या तासभर आधी निघून, पाणी परत चढू लागल्यावर अर्ध्या तासात किल्ला सोडावा.

या किल्ल्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे झाले. आत गणपतीचे मंदिर आहे, आणि सभोवार खारे पाणी असताना येथे गोड्या पाण्याचा साठा आहे, हे मुलांना मुद्दाम दाखवावे. उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत.

अलिबागजवळच्या थळ गावासमोरचा खांदेरी किल्लाही अनेकांना पाहावासा वाटतो, विशेषतः जुलै 2025 मध्ये मराठा किल्ल्यांच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाल्यापासून. 1679 मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांचा विरोध असताना महाराजांनी तो बांधून घेतला. येथे मात्र थळच्या होड्यांवर अवलंबून राहावे लागते, म्हणून आदल्या दिवशी तेथे चौकशी करून हवामान शांत असेल तरच जावे. मुरुड-जंजिरा मुंबईपासून रस्त्याने सुमारे 165 किलोमीटर आहे. तो एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न करू नये, मुरुडला मुक्काम करून पाहावा.

दीक्षाभूमीशी ज्यांचे नाते आहे त्यांनी गोराईच्या विपश्यना पॅगोड्यासाठी अर्धा दिवस काढावा. बोरिवलीहून गोराई खाडीच्या धक्क्यावर जाऊन छोट्या फेरीने पलीकडे जाता येते. 2009 मध्ये उद्घाटन झालेल्या या वास्तूचा प्रचंड दगडी घुमट एकाही खांबाशिवाय उभा आहे.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ या सर्व ठिकाणांसाठी उत्तम. जून ते ऑगस्ट मांडव्याच्या नेहमीच्या बोटी बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो तेवढी चालू राहते. समृद्धी महामार्गाने स्वतःच्या मोटारीने आलेल्यांना इतर ऋतूंतही हीच सोयीची, कारण मोटार तिच्यात चढवता येते. मुंबईच्या दमटपणाला कमी लेखू नये. आपल्या कोरड्या उन्हात घाम वाळतो, तेथे तो वाळत नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी आणि अंगावर सुती कपडे असावेत.

परतीसाठी दुरांतो घेणार असाल तर ती मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते. शनिवारी बेट पाहून त्याच रात्री निघायचे असल्यास आरक्षण रविवारच्या तारखेचे करावे लागते.