मावशींना इंग्रजी शिकवताना : पहिल्यांदा वर्ग घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव

गेली चार वर्षं मी पुण्यात एका वस्तीत दुपारी साडेतीन ते पाच या वेळात बायकांचा इंग्रजीचा वर्ग घेते. बहुतेक जणी घरकामाला जाणाऱ्या, सकाळची कामं संपवून येतात आणि पाचला परत संध्याकाळच्या भांड्यांना पळतात, वय पस्तीसपासून साठपर्यंत. अलीकडे दोघी-तिघींनी विचारलं की आम्हालाही असा वर्ग सुरू करायचाय, काय घ्यायचं वर्गात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याआधी पाचवीत ए बी सी डी सुरू व्हायचं. म्हणजे जी मुलगी चौथीतून शाळा सोडून शेतावर नाहीतर भावंडांमागे गेली तिने इंग्रजी अक्षर वर्गात कधी पाहिलंच नाही. ती नापास झाली नाही, तिला कुणी शिकवलंच नाही, आणि हा फरक तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. मी सांगितला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "मग मला येत नाही यात माझी चूक नव्हती तर." त्यानंतर त्या पहिल्या रांगेत बसायला लागल्या.

जिला मराठीही वाचता येत नाही तिला मात्र आधी मराठी शिकवा असं माझं ठाम मत आहे. अक्षर म्हणजे आवाजाची खूण हे आपल्या भाषेत एकदा कळलं की दुसऱ्या लिपीत जाणं सोपं जातं, दोन्ही एकदम घेतलं तर गोंधळच होतो.

मी सुरुवात बालवाडीतल्या तक्त्याने केली होती, सफरचंद, बॉल, मांजर वगैरे. मोठी चूक. बायका ओशाळल्या, एकीने तर शेजारीण दारातून डोकावली तेव्हा वही पदराखाली घेतली. तेव्हापासून लहान मुलांची चित्रं आणि बडबडगीतं पूर्ण बंद. आता पहिल्या दिवशी आम्ही आधार कार्ड काढतो, कारण त्यावर नाव मराठीत आणि त्याच्याच खाली इंग्रजीत असतं, म्हणजे प्रत्येकीच्या पर्समध्ये स्वतःचं दोन लिप्यांतलं पुस्तक आधीच आहे. (नंबरवर कागदाची पट्टी ठेवायला सांगा, सगळ्यांसमोर उघडा नको.) मराठी नावातल्या एकेका अक्षराखाली बोट ठेवायचं आणि इंग्रजीत तो आवाज कुठे दिसतो ते शोधायचं. मग बँकेचं पासबुक काढून तेच नाव जुळवायचं. बऱ्याचदा स्पेलिंग वेगळं निघतं, एकीच्या पासबुकात नावातला एक ए कमी होता आणि केवायसीच्या वेळी सारखं का परत पाठवतात ते तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः काउंटरवर जाऊन कुठलं अक्षर राहिलंय ते दाखवून आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मराठी वाचणाऱ्या बाईची चूक ही लहान मुलाच्या चुकीसारखी नसते. तिला 'नगर' लिहायला सांगा, ती एन, जी, आर एवढंच लिहील. आणि तिच्या हिशोबाने ते बरोबरच आहे की, मराठीत न, ग, र लिहिले की झालं, 'अ' आतच असतो! हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने गेले, तोपर्यंत मी नुसतं "ए राहिला, ए राहिला" म्हणत होते. मग एक दिवस फळ्यावर 'न' काढून त्याचा पाय मोडला आणि सांगितलं की इंग्रजीत प्रत्येक व्यंजन असं पाय मोडलेलंच असतं, त्याला उभं करायला शेजारी ए, ई, आय, ओ, यू यांच्यातलं कुणीतरी लागतं. वर्ग एकदम शांत झाला आणि मग तीन-चार जणींनी एकाच वेळी 'नगर' परत लिहिलं, या वेळी दोन्ही ए सकट. तुम्ही वर्ग घेणार असाल तर पाय मोडायची ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात घ्या.

त्याला जोडून दुसरं म्हणजे अक्षराचं नाव आणि आवाज वेगळा. आपल्याकडे 'क' चं नावही क आणि आवाजही क. इंग्रजीत एच म्हणताना ह कुठे ऐकू येतो? डब्ल्यूत व कुठे आहे? म्हणून मी आधी आवाज शिकवते, नाव नंतर. यासाठी हाउझी फार चालते. नऊ घरांचा चौकोन वहीत आखायचा, प्रत्येकीने शिकलेल्यांपैकी कुठलीही नऊ अक्षरं भरायची, मी फक्त आवाज म्हणते, "ग्... म्... ह्", आणि त्या चिंचोके ठेवतात. पहिली लाइन, फुल हाउस सगळं रीतसर, बक्षीस म्हणून साबणाची वडी. हसत खेळत अर्धा तास जातो आणि कुणाला कुठलं अक्षर अडतंय ते मला चिंचोक्यांवरूनच दिसतं, कुणाला उभं करून विचारावं लागत नाही.

साबणावरून आठवलं, रिकामी वेष्टनं आणायला सांगा. लक्स, पार्ले, कोलगेट सगळ्या जणी वेष्टन पाहून ओळखतात, पण तोच शब्द फळ्यावर साध्या खडूने लिहिला की अर्ध्या जणींना ओळखू येत नाही, कारण त्या रंग ओळखत होत्या, अक्षरं नाही. मग वेष्टन आणि फळा शेजारी शेजारी धरून अक्षर-अक्षर जुळवायचं. आकडे मात्र शिकवायला लागत नाहीत, नोटा आणि मोबाईलमुळे ते येतातच, "तुम्हाला दहा खुणा आधीच येतात, आता सव्वीसच राहिल्या" असं सांगितलं की हुरूप येतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात औषधाची पट्टी. एमएफजी म्हणजे कधी बनवलं, ईएक्सपी म्हणजे कधी संपणार, एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, आणि महिन्यांची तीन-तीन अक्षरं. जेयूएन आणि जेयूएल यात हमखास घोळ होतो, म्हणून ती दोन कार्डं वेगळी काढून रोज एकदा दाखवते. पट्टी कापताना तारखेच्या बाजूने कापू नका हेही तिथेच सांगायचं, नाहीतर वाचता येऊन उपयोग काय. एका मावशींनी घरचा सगळा डबा पिशवीत घालून आणला आणि वर्गात बसून एकेक पट्टी वाचली, सात संपलेल्या निघाल्या, सासूबाईंच्या बीपीची गोळी त्यातच होती. त्या दिवशी दुसरं काही घेतलं नाही.

मोबाईलही घ्याच. पे आणि रिक्वेस्ट हे दोन शब्द कार्डावर लिहून मी सतत विचारते, कारण पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही आणि फसवणारे नेमकं याच्याच उलट सांगतात.

काही बारीक गोष्टी. एक मावशी दोन महिने स्मॉल ई आणि सी मध्ये गडबडायच्या, मला वाटलं लक्षात राहत नाहीये, निघालं ते हे की त्यांना जवळचं दिसतच नव्हतं. चाळिशीनंतर हे होतंच, म्हणून आता पहिल्या आठवड्यातच सगळ्यांचे डोळे तपासून घेते आणि फळ्यावर अक्षर वीतभर काढते. कॅपिटल आधी घ्या, पाट्यांवर जास्त तेच असतात आणि बी-डी सारखी उलटापालट होत नाही. लाल पेन वापरू नका. गृहपाठ एका ओळीचा, तोही येता-जाता करता येईल असा, "आज बसवर वाचलेला एक शब्द लिहून आणा" वगैरे.

आणि हजेरीवरून रागावू नका. मार्गशीर्षातले गुरुवार, गणपती, मे महिन्यातली गावाकडची लग्नं, सुनेचं बाळंतपण, यात माणसं महिना-महिना येत नाहीत. मी सगळ्यांच्या वह्या वर्गातल्या पेटीतच ठेवते, वर ज्याचं त्याने इंग्रजीत लिहिलेलं नाव. कुणी दीड महिन्याने दारात उभी राहिली तर कुठे होतात म्हणून विचारत नाही, पेटी पुढे सरकवते, ती आपलं नाव वाचून आपली वही काढून घेते.