चोरीला गेलेली परवान्याची बंदूक अनेक वर्षांनी सापडली, तर या चुका टाळा

परवान्याची बंदूक चोरीला गेली की माणूस सुरुवातीला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतो, मग हळूहळू आशा सोडतो. फिर्यादीची प्रत कपाटात जाते. न्यायालयात ‘अ समरी’ मंजूर होते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. मग एक दिवस भलत्याच जिल्ह्यातल्या ठाण्यातून फोन येतो. दरोड्याच्या तयारीतली टोळी पकडली, त्यांच्याकडे बारा बोअरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, मिळाली आणि तिचा नंबर तुमच्या परवान्यावरचा आहे. वडिलांनी घेतलेली, घरात दोन पिढ्या सांभाळलेली वस्तू परत मिळणार म्हणून घर आनंदून जातं.

ती मिळू शकते. चोराकडून ज्याने घेतली त्याला मालकी मिळत नाही, आणि मधे वर्षं गेली एवढ्यावरून तुमची मालकी जात नाही. दिवाणी दावा लावायची वेळ आली तर मुदत कायद्यात चोरीच्या वस्तूसाठी 3 वर्षं आहेत, पण ती मोजायची चोरीच्या दिवसापासून नव्हे. वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला पहिल्यांदा कळतं, तिथपासून ती सुरू होते. तरीही अशा अनेक बंदुका मुद्देमाल खोलीत, म्हणजे जप्त वस्तू ठेवायच्या खोलीत, गंजून जातात किंवा नष्ट होतात, आणि त्याला बहुतेक वेळा मालकाच्या बाजूने राहिलेलं काहीतरी कारणीभूत असतं. बंदुकीची मालकी आणि ती जवळ बाळगायचा हक्क या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताबा द्यायचा हुकूम न्यायालय करतं, परवाना जिल्हादंडाधिकारी देतो, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. लोक एकाच दाराशी उभे राहतात आणि दुसरं दार तोवर बंद झालेलं असतं.

परवाना संपू देणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. बंदूकच नाही तर परवान्याचं नूतनीकरण कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. कोणी परवाना परत करून टाकतो, कोणी मुदत संपली तरी लक्ष देत नाही. मग बंदूक सापडते आणि ती हातात घ्यायला कायदेशीर माणूसच उरत नाही. वैध परवाना नसताना न्यायालय बंदूक तुमच्या हाती देणार नाही, आणि दिली तर ती घरी नेणं हाच शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरेल.

चोरी झाली त्याच आठवड्यात फिर्यादीच्या प्रतीसह परवाना शाखेला लेखी कळवा आणि पोच घ्या. चोरीची खबर ताबडतोब देणं ही परवान्याची अटच आहे, त्यामुळे फिर्यादीला उशीर केला असेल तर तो प्रश्न पुढे नक्की निघतो. परवाना चालू ठेवायचा आहे असं त्याच पत्रात स्पष्ट लिहा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षं झाली आहे, तेव्हा नूतनीकरणाचा त्रास पूर्वीइतका राहिलेला नाही. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन क्रमांक मिळाला आहे का, तेही बघा. जुन्या वहीवजा परवान्यांवर तो नसतो, आणि त्याशिवाय परवाना ग्राह्य धरत नाहीत.

परवाना संपून बराच काळ गेला असेल तर नव्याने अर्ज करावा लागू शकतो. पोलिसांची चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं पहिल्यापासून. तोवर न्यायालयात हात जोडून बसू नका. बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे माझ्या नावे जमा ठेवावी, अशी मागणी अर्जात करता येते. शस्त्र कायद्याच्या कलम 21 मध्ये अशी शस्त्रं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय आहे. विक्रेता सांभाळण्याचे पैसे घेईल, पण तिथे बंदुकीला तेल लागतं. परवाना मिळालाच नाही तर त्याच्यामार्फत दुसऱ्या परवानाधारकाला रीतसर विकताही येते.

इथे आणखी एक अडचण अनेकांच्या ध्यानात येत नाही. चोरीनंतर तुम्ही दुसरं शस्त्र घेतलं असेल, तर आता मोजा. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला 2 च शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी 3 चालत. वडिलोपार्जित शस्त्रही यातच धरलं जातं. दोन आधीच असतील तर सापडलेली बंदूक तिसरी होते, म्हणजे कोणतं तरी एक आधी काढावं लागेल.

चुकीच्या ठाण्यात, चुकीच्या न्यायालयात जाणं

‘आमच्या ठाण्यात फिर्याद दिली होती, तिथूनच मिळेल’ या समजुतीत महिने जातात. पहिला प्रश्न विचारायचा तो असा : बंदूक कोणत्या ठाण्याच्या कोणत्या गु. र. नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) मध्ये जप्त दाखवली आहे आणि तो मुद्देमाल कोणत्या न्यायालयात आहे? अर्ज तिथे करायचा. खटला सत्र न्यायालयात वर्ग झाला असेल तर सत्र न्यायालयात. तुमच्या जुन्या गुन्ह्याचा तपास पुन्हा उघडून तिथल्या पोलिसांनी बंदूक आपल्या गुन्ह्यात वर्ग करून घेतली असेल, तर मात्र तुमच्याच तालुक्याच्या न्यायालयात. हे लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

मुद्देमाल कारकुनाला बंदूक देण्याचा अधिकार नाही. त्याच्यावर चिडून किंवा त्याला ‘समजून घेऊन’ काही होत नाही. मध्यस्थाला पैसे तर अजिबात देऊ नका.

अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 451 किंवा 457 खाली होत असे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे तीच कलमं 497 आणि 503 झाली आहेत. जुना गुन्हा आणि नवा अर्ज अशी सरमिसळ असेल तर अर्जाच्या मथळ्यात दोन्ही कलमं घाला, म्हणजे त्यावरच वाद होऊन तारीख पडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात दागिने, रोकड, वाहनं असा मुद्देमाल ठाण्यात पडून ठेवू नये, पंचनामा आणि छायाचित्रं करून हमीवर परत द्यावा असं सांगितलं. बंदुकीच्या अर्जातही या निकालाचा आधार वकील घेतात आणि घ्यावा.

नंबर एकदा पाहून सोडून देणं

डबल बार मोडून उघडली की नळीच्या मागच्या टोकाखाली सपाट भाग दिसतो. तिथे आकडे आणि खुणांची गर्दी असते. कारखान्याची चाचणी-खूण, बोअर, नळीचं वजन, आणि त्यातच कुठेतरी बंदुकीचा नंबर. हाच नंबर चापाकडच्या लोखंडी भागावर आणि पुष्कळदा नळीखालच्या लाकडी पकडीच्या लोखंडावरही असतो. घाईत केलेल्या पंचनाम्यात यातली चाचणी-खूणच नंबर म्हणून लिहिली जाते, किंवा 3 चा 8 होतो. तुमच्या जुन्या फिर्यादीत आठवणीने सांगितलेला नंबर असेल तर तिथेही आकडा चुकलेला असू शकतो. एका आकड्याच्या फरकाने ओळख पटत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. चूक फिर्यादीत असेल तर तपासी अंमलदारासमोर पुरवणी जबाब द्या. पंचनाम्यात असेल तर न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा पाहणी मागा.

पुरावा म्हणून खरेदीची पावती आणि परवान्यावरची नोंद तर लागतेच. पावती हरवली असेल तर विक्रेत्याच्या विक्री रजिस्टरचा उतारा मिळतो का पाहा. एक कागद मात्र लोक विसरतात : निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा केल्याची पावती. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, दरवेळी ती मिळालेली असते आणि तिच्यावर पोलिसांच्याच हातचा नंबर असतो. असा पुरावा न्यायालयात वजनदार ठरतो. कोकणात शेतीसंरक्षणासाठी घेतलेल्या ठासणीच्या बंदुकांना तर कधी पावतीच नसते, तिथे या जमा-पावत्यांवर फार काही अवलंबून असतं.

नंबर कानशीने घासलेला असेल तरी धीर सोडू नका. नंबर ठोकताना आकड्याखालचं पोलाद दाबलं जातं आणि वरचा आकडा गेला तरी तो दाब आत राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागी रसायन लावलं की दाबलेला भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि आकडे पुन्हा उमटतात. फार खोल घासलं असेल तरच ते जमत नाही. ही तपासणी झाली नसेल तर ती करावी अशी विनंती अर्जातच करा. पण बंदूक परत मिळाल्यावर ती तशीच ठेवू नका. शस्त्र कायद्याच्या कलम 8 प्रमाणे खूण खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानेच ती खोडली असं गृहीत धरलं जातं. न्यायालयाचा हुकूम जोडून परवाना प्राधिकाऱ्याला लगेच लेखी कळवा आणि नंबर पुन्हा ठोकण्याबाबत त्यांचा आदेश घ्या. चोरांनी नळी कापून आखूड केली असेल तर तेही त्याच पत्रात लिहा, कारण नळी कापणं हा कलम 6 खाली स्वतंत्र विषय आहे.

खटला संपेपर्यंत गप्प बसणं

ही चूक सज्जन माणसं करतात, आणि त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. बंदूक खुनात किंवा दरोड्यात वापरली गेली असेल तर ती साक्षीदारांना दाखवावी लागते, म्हणून न्यायालय खटल्याच्या दरम्यान ती द्यायला सहसा तयार नसतं. अर्ज फेटाळला की मालक म्हणतो, ठीक आहे, निकाल लागल्यावर बघू. निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाचा आदेश असतो. आपलं कोणी हजर नसेल तर तिथे सरळ लिहिलं जातं की अपिलाची मुदत संपल्यावर शस्त्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे विल्हेवाटीसाठी पाठवावं. आरोपीला शस्त्र कायद्याखाली शिक्षा झाली तर शस्त्र सरकारजमा करण्याचाही अधिकार न्यायालयाला आहे.

म्हणून अर्ज फेटाळला तरी तो खटल्याच्या कागदांत राहायला हवा, आणि युक्तिवादाच्या टप्प्यावर दुसरा छोटा अर्ज द्यायला हवा : मी मूळ मालक आहे, आरोपी नाही, ही माझी फिर्याद, हा माझा परवाना, निकालात बंदूक मला परत देण्याचा आदेश व्हावा. निकालाची तारीख सरकारी वकिलांच्या कार्यालयात विचारत राहा. तरीही विरुद्ध आदेश झाला तर त्यावर स्वतंत्र अपील करता येतं, जुन्या संहितेत कलम 454, नव्यात 500. एकदा बंदूक भट्टीत गेली की अपिलाला अर्थ उरत नाही, म्हणून अपिलाबरोबर स्थगिती मागायची.

आणखी काही

मूळ परवानाधारक मधल्या काळात वारला असेल तर वारसाला दोन्हीकडे आपला हक्क दाखवावा लागतो. न्यायालयात वारस म्हणून अर्ज आणि शस्त्र नियम 2016 च्या नियम 25 खाली वारसाचा परवाना. भावंडांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आधीच तयार ठेवा. घरच्या भांडणात बंदूक अडकली की पोलीसही हात वर करतात.

विम्याचे पैसे घेतले असतील तर लपवू नका. भरपाई दिलेल्या कंपनीचा वस्तूवर हक्क लागतो. रक्कम परत करून त्यांचं ना-हरकत पत्र घेता येतं का, ते विचारा.

सुपूर्तनाम्यावर, म्हणजे बंदूक हमीवर ताब्यात घेतानाच्या कागदावर, सही करताना लोक वाचत नाहीत. खटला चालू असताना मिळालेली बंदूक विकायची नाही, तिच्यात बदल करायचा नाही आणि न्यायालय बोलावेल तेव्हा हजर करायची, अशा अटी त्यात असतात. गंज काढून नवा रंग चढवणं किंवा दस्ता बदलणं हाही बदलच आहे. सील तुमच्यासमोर फोडायला लावा, पंचांच्या सहीची चिठ्ठी, नळी, चाप, दस्ता पाहा, मोबाइलवर फोटो घ्या आणि जे तुटलं असेल ते ताबा-पावतीवर लिहूनच सही करा. सोबत काडतुसं जप्त असतील तर ती मागण्याच्या नादी लागू नका. वर्षानुवर्षं दमट खोलीत राहिलेल्या काडतुसांचा भरवसा धरता येत नाही.

घरी नेताना बंदूक रिकामी, पिशवीत बांधलेली असावी. न्यायालयाच्या हुकुमाची सही-शिक्क्याची प्रत, ताबा-पावती आणि मूळ परवाना जवळ ठेवा. दुसऱ्या राज्यातून आणायची असेल तर परवान्याचं क्षेत्र तिथपर्यंत आहे का ते आधी बघा. नसेल तर परवाना प्राधिकाऱ्याकडून प्रवासाची परवानगी घ्या किंवा तिथल्या विक्रेत्यामार्फत इकडच्या विक्रेत्याकडे मागवा. पोचल्यावर पहिल्यांदा आपल्या ठाण्यात दाखवून नोंद करा, मग परवान्यावर पुन्हा चढवून घ्या. त्यानंतर बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून नळी आतून तपासून घ्या, आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत त्या नळीत काडतूस घालू नका.