फोन करायची धास्ती वाटते? सोप्या फोनपासून सुरुवात करा

फोन लावायचा म्हटलं की छातीत धडधडतं आणि काम उद्यावर जातं? मग धडधड थांबायची वाट पाहू नका. ती असतानाच फोन लावा, फक्त सोप्यापासून.

१. टाळलेले फोन कागदावर लिहा. प्रत्येकापुढे भीतीचा आकडा टाका, ० ते १०.
२. ३-४ आकड्याचा आधी. औषधाच्या दुकानात "अमुक गोळी आहे का?" एवढंच विचारायचं.
३. तसलेच फोन रोज करा. आकडा निम्म्यावर आला की पुढचा: डॉक्टरांची वेळ बदलून घेणं, मग घरमालकाशी गळक्या नळाबद्दल बोलणं.

आवाज कापला, तळहाताला घाम आला तरी मध्येच फोन ठेवू नका. खरा फायदा इथेच होतो; अर्ध्यात ठेवला तर भीती आणखी पक्की होते. अख्खं बोलणं लिहून वाचूही नका, पहिलं वाक्य पुरे. नाहीतर कागदाशिवाय बोलवत नाही.

एकदम १० च्या फोनला हात घालू नका. आणि भीतीपायी झोप, जेवण, नोकरी अडायला लागली असेल तर एकट्याने न झगडता समुपदेशकाची मदत घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.