शांतिसेनेनं गोळी चालवली तर बरोबर की चूक, हे कसं ठरवायचं

काँगो नाहीतर लेबनॉनमधून युएनच्या शांतिसेनेची, म्हणजे निळ्या हेल्मेटवाल्यांची बातमी आली की दोन पार्ट्या लगेच तयार, एक म्हणते शांतिसेना आहे तर बंदुका कशाला, दुसरी म्हणते नुसते बघत उभे राहिले, नेभळट कुठले. मत जरूर बनवा, पण त्याआधी थोडं तपासून घ्या.

सगळ्यात आधी मँडेट वाचा, म्हणजे त्या मिशनला काय काम आणि किती अधिकार दिलेत ते. सेक्युरिटी कौन्सिलचा ठराव नेटवर फुकट मिळतो आणि फार मोठा नसतो. त्यात नागरिकांच्या संरक्षणाबद्दल काही लिहिलंय का आणि युएन चार्टरच्या सातव्या चॅप्टरचा (बळ वापरायची परवानगी देणाऱ्या) उल्लेख आहे का, एवढं शोधा. जुना नियम असा की दोन्ही बाजूंची संमती हवी, पक्षपात नको आणि बळाचा वापर फक्त स्वसंरक्षणासाठी किंवा मँडेट राखण्यासाठी. नागरिकांना वाचवा असं स्पष्ट शब्दांत पहिल्यांदा आलं ते १९९९ मध्ये, सिएरा लिओनच्या मिशनला. म्हणजे त्याआधीच्या केसेस आजच्या फुटपट्टीने मोजताना जरा थांबायचं.

पण थांबायचं म्हणजे माफ करायचं असं नाही. रवांडा घ्या. ११ जानेवारी १९९४ ला तिथले फोर्स कमांडर रोमिओ दालेर यांनी न्यूयॉर्कला युएनच्या मुख्यालयाला कळवलं की शस्त्रांचे साठे आहेत, मी छापा टाकतो, आणि वरून उत्तर आलं की नको, ते तुमच्या मँडेटमध्ये बसत नाही. एप्रिलमध्ये तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली, बेल्जियमचे १० सैनिक मारले गेले. राजधानी किगालीतल्या एका टेक्निकल शाळेत बेल्जियन तुकडीच्या भरवशावर सुमारे २ हजार लोक आसऱ्याला आले होते, मिलिशिया, म्हणजे कत्तल करणाऱ्या हत्यारबंद टोळ्या, गेटबाहेरच घिरट्या घालत होती, आणि ११ एप्रिलला परदेशी नागरिकांना बाहेर काढायच्या कामासाठी ही तुकडी शाळा सोडून निघून गेली. त्याच दिवशी त्यातले बहुतेक लोक मारले गेले. सैनिकांनी एकही गोळी झाडली नाही, मग हात स्वच्छ का? मला नाही वाटत. माझ्या मते न झाडलेल्या गोळीचाही हिशोब द्यावा लागतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात.

आता त्याच शहरात दुसरीकडे बघा. अमाहोरो स्टेडियममध्ये शांतिसैनिक थांबले, कौन्सिलने फौज २७० वर आणायचा ठराव केला तरी थोडे सैनिक मागे राहिलेच, आणि तिथले हजारो लोक वाचले, तोफगोळे पडले तरी. सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियाने तर बिनहत्यारी निरीक्षक होते, चेकपोस्टवर गप्पा मारून, हसवून, विनवून शेकडो लोक पार केले, शेवटी ३१ मे ला तोफगोळ्याने गेले. म्हणून पुढचा प्रश्न हा विचारा की गोळी न चालवता काय करता आलं असतं आणि ते तरी केलं का.

गोळी चालवलीच असेल तर निशाण्यावर कोण होतं ते बघा. जुलै २००० मध्ये सिएरा लिओनमधे बंडखोरांनी वेढलेल्या आपल्या गुरखा जवानांना सोडवायला ऑपरेशन खुकरी झालं, तिथे समोर हत्यारबंद बंडखोर होते, हेतू ठरलेला आणि काम झाल्यावर परत. याउलट सोमालिया. जून १९९३ मध्ये २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले, राग समजण्यासारखाच, पण १२ जुलैला युएन मिशनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकन हेलिकॉप्टरांनी मोगादिशूत एका घरावर क्षेपणास्त्रं सोडली जिथे मीटिंग चालू होती आणि त्यात कुळांचे वडीलधारेही होते. किती मेले यावर वाद आहे, पण त्यानंतर युएन तिथल्या लोकांसाठी आणखी एक टोळी झाली. हल्ला करणाऱ्याला रोखणं वेगळं आणि सूड घेणं वेगळं, तारखा लावून बघितल्या की बऱ्याचदा फरक दिसतो.

बाय द वे, शांतिसेना फार गोळीबार करते हा समजही तपासा. युएनच्याच २०१४ च्या अंतर्गत तपासणीत २०१० ते २०१३ मधल्या नागरिकांवरच्या ५०७ हल्ल्यांपैकी फक्त २० टक्के वेळा लगेच प्रतिसाद दिला गेला होता, आणि बळाचा वापर जवळपास नाहीच.

शेवटचं, सैनिक कुणाचे आणि त्यांच्या राजधानीतून काय आदेश होता ते शोधा. कमांडर युएनचा असला तरी बटालियन आपल्या देशाला फोन लावून विचारतेच. आणि मँडेट लिहिताना व्हेटोवाल्या पाच देशांचा शब्द चालतो, पण जमिनीवर जास्त करून भारत, बांगलादेश, नेपाळ, रवांडा असल्या देशांची पोरं उभी असतात. भारताचे आजवर १७० हून जास्त शांतिसैनिक गेलेत. त्यामुळे कुणी तावातावाने म्हणालं की अजून कडक मँडेट द्या, तर आधी विचारा की पाठवणार कुणाला, आणि तुमचा देश किती देतोय.