योआसोबी ऐकायचंय? मग आयडॉलपासून सुरुवात करू नका

मागच्या महिन्यात पाथर्डी फाट्यावर चहा पिताना मावसभाऊ म्हणाला, तू ते जपानी काय ऐकतोस रे सारखं, एखादं पाठव की. मी उत्साहात योआसोबी या जपानी जोडीचं सगळ्यात फेमस गाणं म्हणून 'आयडॉल' पाठवलं आणि साहेबांनी अर्ध्या मिनिटात बंद केलं. म्हणे एका गाण्यात चार गाणी वाजतायत, नक्की कुठलं ऐकू? चूक माझीच होती, म्हणून आता जो विचारेल त्याला मी ठरलेल्या क्रमाने गाणी देतो, तोच क्रम इथे टाकतोय.

आधी थोडक्यात ओळख. योआसोबी म्हणजे दोघंच, आयासे गाणी लिहितो आणि चाल लावतो, इकुरा गाते. 2019 साली सुरू झालेली जोडी. नावाचा अर्थ रात्रीची मजा, म्हणजे दिवसा दोघांचं आपापलं काम वेगळं आणि हे रात्रीचं खेळणं. (इकुरा या शब्दाचा जपानीत अर्थ होतो माशाची अंडी, आपल्याकडची गाबोळीच समजा, हे कळल्यावर मी दोन दिवस हसत होतो.) बाकी सगळं विसरलात तरी एक लक्षात ठेवा, यांचं जवळजवळ प्रत्येक गाणं आधी लिहिलेल्या एका गोष्टीवरून बनतं. त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना अर्थाच्या मागे अजिबात लागू नका, नुसती चाल ऐका, मग गोष्ट काय आहे ते दोन ओळीत वाचा आणि परत ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना खरी मजा येते.

पहिलं गाणं 'योरु नि काकेरु'. 2019 च्या शेवटी आलं आणि सीडी न काढता 2020 मध्ये बिलबोर्ड जपानच्या (तिथल्या हिट गाण्यांची यादी) वर्षभराच्या यादीत एक नंबरला गेलं. पियानो पळतो, आवाज मोकळा, पहिल्या फटक्यात पाय हलायला लागतो. एक गोष्ट मुद्दाम ऐका, शेवटाकडे पट्टी बदलते. घरात कुणी पेटी वाजवणारं असेल तर त्यांना ऐकवा, माझ्या आजोबांना जपानी काय, इंग्लिश गाणंही चालत नाही, पण ते लगेच म्हणाले की अरे याने इथे पट्टी बदलली. फक्त चाल आनंदी असली तरी आतली गोष्ट मरणाच्या ओढीबद्दल आहे, चांगलीच काळी आहे, तेव्हा मन आधीच खाली असेल त्या दिवशी गोष्ट वाचू नका, गाणं पुरे.

मग 'गुंजो'. हे चित्रकलेच्या वेडात पडलेल्या शाळकरी मुलाच्या 'ब्लू पिरियड' या मांगावरून (म्हणजे जपानी कॉमिकवरून) सुचलेलं आहे, अभ्यासात बरा चाललेला मुलगा अचानक रंगांच्या मागे लागतो. यात मध्येच सगळे मिळून गातात ना, तिथे काटा येतो. सीईटीच्या क्लासला कॉलेज रोडला ये-जा करणाऱ्या बहिणीला मी हे दिलं होतं, तिने पहाटेच्या अलार्मला लावलं, आता सगळं घर गुंजो ऐकून उठतं आणि शिव्या मला.

तिसऱ्या नंबरला 'काइबुत्सु', 2021 चं, 'बीस्टार्स' या ॲनिमेच्या (जपानी कार्टून मालिकेच्या) दुसऱ्या सीझनचं. लांडगा स्वतःच्याच शिकारी स्वभावाशी झगडतोय अशी ती गोष्ट, आणि बेस असा की नाशिक ढोल ऐकून वाढलेल्या आपल्या कानांना लगेच ओळखीचा वाटेल. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, अर्धं गाणं गायबच होतं. त्याच सीझनच्या शेवटी लागणारं 'यासाशी सुइसेइ' लगेच पाठोपाठ लावा, एकदम शांत, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं.

'ताबुन' ब्रेकअपवालं आहे, गरज पडेल तेव्हा आपोआप सापडेल. 'हारुका' मात्र माझं लाडकं, त्यामागची गोष्ट एका मगच्या तोंडून सांगितलेली आहे, हो, चहाचा मग, जो एका मुलीला मोठं होताना बघत राहतो. हे कळलं आणि आमच्या घरातला कान तुटलेला स्टीलचा कप मी भंगारात जाऊ दिला नाही.

आता 'युशा'. 2023, 'फ्रीरेन' ॲनिमेची सुरुवात. हजारावर वर्षं जगलेली एल्फ (परीकथेतली लांब कानांची जमात) आणि तिच्यासोबत फिरून म्हातारा होऊन गेलेला माणूस. ॲनिमे बघितला नसेल तर गाणं नुसतं छान वाटेल, पहिला भाग बघून ऐकाल तर गप्प बसाल, त्यामुळे इथे माझा नियम उलटा, आधी गोष्ट मग गाणं.

एवढं झालं की मग लावा 'आयडॉल'. 'ओशी नो को' या ॲनिमेचं, एप्रिल 2023, जपानच्या बिलबोर्डवर सलग 21 आठवडे एक नंबर. आता ते चार गाण्यांसारखं वाटणार नाही कारण तुमचा कान तयार झालाय. रॅप, मग गोड सूर, मग कोरस, हे सगळं ॲनिमेतल्या स्टेजवर गाणाऱ्या स्टार मुलीकडे बघणारी वेगवेगळी माणसं आहेत, कुणी भाळलेलं, कुणी जळणारं, आणि शेवटी ती स्वतः बोलते. तीन-चारदा ऐका.

जपानी अगदीच जड जात असेल तर यांच्या इंग्लिश आवृत्त्या पण आहेत, 'ई-साइड' नावाने. गंमत म्हणजे काही ठिकाणी इंग्लिश शब्द असे निवडलेत की कानाला मूळ जपानीच वाटतं, 'इनटू द नाइट'ची, म्हणजे इंग्लिश 'योरु नि काकेरु'ची, पहिली ओळ ऐकून बघा. पण सुरुवात त्यांनी करू नका, मूळ कानात बसलेलं असलं तरच ती गंमत कळते.

आणि नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना ऐकणार असाल तर घरच्या वायफायवर गाणी आधीच डाउनलोड करा. इगतपुरी सुटली की बोगदे, रेंज जाते, आणि नेमका पट्टी बदलायच्या जागी तो लोडिंगचा गोल फिरत बसतो. मावसभावाला परवा असंच सगळं डाउनलोड करून दिलं, कल्याणवरून मेसेज आला, "त्या मगवालं परत पाठव, चुकून डिलीट झालं."