कीटकनाशकांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीची आनुवंशिकता कशी तपासावी

शिफारशीत मात्रा फवारूनही अळ्या जिवंत राहिल्या, एवढ्यावरून त्यांच्यात प्रतिकारशक्ती आली असे म्हणता येत नाही. नोझल झिजलेला असणे, फवारणीनंतर लगेच पाऊस येणे, पानाच्या खालच्या बाजूपर्यंत द्रावण न पोहोचणे किंवा अळ्या मोठ्या झाल्यावर फवारणी करणे, यांपैकी कोणतेही कारण तेवढेच संभवते. ही कारणे बाजूला सारल्यानंतरच आनुवंशिकतेचा प्रश्न सुरू होतो. कीटकनाशकांना न जुमानणाऱ्या किडींबद्दल अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी १९१४ मध्ये सॅन होजे खवल्या किडीच्या निमित्ताने लिहिले, म्हणजे हा प्रश्न डीडीटीपेक्षाही जुना आहे. कीटकनाशकामुळे नवे जनुक तयार होत नाही. समष्टीत, म्हणजे त्या किडीच्या एकूण संख्येत, आधीच विरळ असलेले उत्परिवर्तन फवारणीमुळे निवडले जाते आणि पिढ्यानपिढ्या वाढत जाते.

हे उत्परिवर्तन विरळ असते तेव्हा ते नेमके कोणत्या किड्यांत दडलेले असते, हे आधी समजून घ्यावे. प्रतिकारक ॲलीलचे (जनुकाच्या प्रतिकारक रूपाचे) प्रमाण हजारात एक असेल आणि मीलन यादृच्छिक होत असेल, तर दोन्ही प्रती प्रतिकारक असलेला किडा दहा लाखांत एक सापडेल, तर एकच प्रत असलेले विषमयुग्मजी किडे हजारात सुमारे दोन असतील. म्हणजे आरंभीच्या काळात प्रतिकारशक्तीचे भवितव्य जवळजवळ पूर्णपणे या विषमयुग्मजी किड्यांवर अवलंबून असते. ते फवारणीत मरतात की वाचतात, हे शोधणे हाच माझ्या मते या सगळ्या तपासणीचा गाभा आहे.

नमुना गोळा करताना एकाच झाडावरच्या अळ्या उचलू नयेत, कारण त्या बहुधा एकाच मादीची संतती असतात. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून आणि शक्य तर अनेक शेतांतून अळ्या घ्याव्यात, त्या प्रयोगशाळेत किमान एक पिढी कीटकनाशकाशिवाय वाढवाव्यात आणि तुलनेसाठी कधीही कीटकनाशकाच्या संपर्कात न आलेला संवेदनक्षम वाण सोबत ठेवावा. चाचणीसाठी एकाच अवस्थेच्या, सारख्या वजनाच्या अळ्या लागतात. साधारण १० ते ९० टक्के मर होईल अशा पाच ते सात मात्रा निवडाव्यात आणि नियंत्रण गटाला फक्त द्रावक द्यावा. मेलेली अळी ठरवण्याचा निकष आधीच लिहून ठेवावा: बारीक कुंचल्याने डिवचल्यावर जी अळी सुसंगतपणे पुढे सरकत नाही, ती मृत. नुसती थरथरणारी अळी एका दिवशी जिवंत आणि दुसऱ्या दिवशी मृत मोजली गेली, तर पुढचे सारे गणित व्यर्थ जाते. नियंत्रण गटातही काही मर झाली असेल तर ॲबट यांच्या सूत्राने दुरुस्ती करावी, म्हणजे दिसलेल्या मरतुकीतून नियंत्रणातील मरतूक वजा करून तिला १०० वजा नियंत्रणातील मरतुकीने भागावे व १०० ने गुणावे. मात्रेच्या लॉगॅरिथमनुसार मरतूक कशी वाढते याची रेषा काढणाऱ्या प्रोबिट विश्लेषणातून निम्मी कीड मारणारी मात्रा, म्हणजे एलसी-५०, मिळते.

शेतातून आणलेली समष्टी मिश्र असते. तिचा संवेदनक्षम वाणाशी थेट संकर केला तर पहिल्या पिढीत विषमयुग्मजी आणि संवेदनक्षम असे दोन्ही प्रकारचे किडे येऊ शकतात आणि प्रभावीपणाचा, म्हणजे प्रतिकारक जनुकाची एकच प्रत असताना लक्षण किती दिसते याचा, कोणताही आकडा निरर्थक ठरतो. म्हणून काही पिढ्या निवड करून प्रतिकारक वाण शक्य तितका समयुग्मजी (दोन्ही प्रती सारख्याच असलेला) करून घ्यावा. या पायरीवर घाई करू नये.

संकरासाठी अस्पर्शित माद्या हव्यात, म्हणून नर-मादी कोषावस्थेतच वेगळे करावेत. घाटेअळीसारख्या पतंगवर्गीय किडीचा कोष भिंगाखाली पोटाकडून वर करून धरला की मादीची जननेंद्रियाची चीर पोटाच्या आठव्या खंडावर दिसते, तर नरात ती नवव्या खंडावर, दोन लहान उंचवट्यांच्या मधोमध असते. संकर दोन्ही दिशांनी करावा, म्हणजे एकदा प्रतिकारक नर व संवेदनक्षम मादी आणि एकदा त्याच्या उलट. पतंगांमध्ये नराची लिंग गुणसूत्रे झेड-झेड आणि मादीची झेड-डब्ल्यू असतात, हे येथे विसरू नये. जनुक झेड गुणसूत्रावर असेल तर मुलींना ते केवळ वडिलांकडूनच मिळते, त्यामुळे दोन दिशांच्या संकरांतील मुलींचा प्रतिसाद वेगळा येतो, तर मुलगे दोन्हीकडे विषमयुग्मजीच राहतात. दोन्ही दिशांच्या संततीचे एलसी-५० सारखे आले तर जनुक अलिंगी गुणसूत्रावर आहे, असे मानता येते.

आता प्रभावीपणा काढावा. स्टोन यांच्या सूत्रात तिन्ही गटांच्या एलसी-५० चे लॉगॅरिथम वापरतात: संकर संततीच्या लॉगची दुप्पट घ्यावी, त्यातून प्रतिकारक आणि संवेदनक्षम या दोन्ही वाणांचे लॉग वजा करावेत आणि उरलेल्या संख्येला त्या दोन लॉगमधील फरकाने भागावे. समजा संवेदनक्षम वाणाचे एलसी-५० हे १ एकक, प्रतिकारक वाणाचे १०० आणि संकर संततीचे ४ आहे. लॉग अनुक्रमे ०, २ आणि ०.६ येतात आणि उत्तर उणे ०.४ मिळते. उणे १ म्हणजे पूर्ण अप्रभावी आणि अधिक १ म्हणजे पूर्ण प्रभावी, तेव्हा हे लक्षण अंशतः अप्रभावी ठरते.

अनेक प्रबंध याच आकड्यावर थांबतात आणि ते मला अपुरे वाटते, कारण हा आकडा ५० टक्के मरतुकीच्या बिंदूवरचा आहे, शेतातल्या मात्रेवरचा नाही. वरच्याच उदाहरणात तिन्ही मात्रा-प्रतिसाद रेषांचा उतार २.५ धरला, तर २० एककांच्या मात्रेला विषमयुग्मजी अळ्यांपैकी सुमारे ९६ टक्के मरतात आणि संवेदनक्षम अळ्या जवळजवळ सगळ्याच मरतात. येथे जनुक व्यवहारात अप्रभावी आहे. तीच मात्रा पानावर विरत जाऊन २ एककांवर आली की संवेदनक्षम अळ्या ७७ टक्के मरतात, पण विषमयुग्मजी अळ्या फक्त २३ टक्केच मरतात आणि तेच जनुक आता बऱ्याच अंशी प्रभावी होते. जुन्या अंशामुळे, अर्धवट पोहोचलेल्या फवाऱ्यामुळे किंवा हंगामाच्या अखेरीस बीटी झाडातील प्रथिन घटल्यामुळे असेच घडते. म्हणून प्रभावीपणाचा आकडा नेहमी मात्रेसह नोंदवावा आणि शेतात संभवणाऱ्या किमान तीन मात्रांवर तो काढावा.

जनुक एक की अनेक, हे प्रतिसंकरातून कळते. संकर संतती ज्या वाणापासून प्रतिसादात अधिक दूर आहे, त्या वाणाशी तिचा पुन्हा संकर करावा. वरच्या उदाहरणात तो प्रतिकारक वाण आहे. एकच जनुक असेल तर संततीत निम्म्या अळ्या विषमयुग्मजी आणि निम्म्या प्रतिकारक असतील, म्हणून अपेक्षित मरतूक ही दोन्ही गटांच्या मरतुकीची सरासरी असेल. २० एककांना संकर संतती ९६ टक्के आणि प्रतिकारक वाण ४ टक्के मरतो, म्हणजे अपेक्षा ५० टक्क्यांची. ६० पैकी ३३ अळ्या मेल्या तर काय-वर्ग मूल्य, म्हणजे अपेक्षित व दिसलेल्या आकड्यांतील तफावतीचे माप, ०.६ येते, जे ३.८४ या मर्यादेच्या खूप खाली आहे, त्यामुळे एकजनुकी गृहीतक टिकते. अनेक मात्रांवर फरक मोठा आला तर मात्र ते सोडून द्यावे.

माव्यामध्ये हा मार्ग फारसा उपयोगी नाही, कारण तो बहुतांश वेळ मीलनाशिवाय पिले देतो. पांढऱ्या माशीचे नर अफलित अंड्यातून येतात आणि त्यांच्याकडे जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे नरांमध्ये अप्रभावी ॲलीललाही लपायला जागा नसते. तिची आकडेमोड वेगळी करावी लागते.

यंत्रणा शोधताना आधी सहक्रियाकारक, म्हणजे किडीची विष मोडणारी विकरे रोखणारा पदार्थ, वापरून पाहावा. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड दिल्यावर प्रतिकारशक्ती मोठ्या प्रमाणात घटली तर पी-४५० या विष मोडणाऱ्या विकरांवर संशय घ्यावा, मात्र हा पदार्थ काही इस्टरेज या दुसऱ्या गटातील विकरांनाही रोखतो, म्हणून एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. घाटेअळीत दोन शेजारी पी-४५० जनुकांच्या असमान अदलाबदलीतून तयार झालेले सीवायपी-३३७-बी-३ हे जोडजनुक फेनव्हॅलरेट या पायरेथ्रॉइड कीटकनाशकाचे विघटन करणारे विकर बनवते. सहक्रियाकारकाने फरक पडला नाही तर लक्ष्यस्थान, म्हणजे कीटकनाशक ज्या प्रथिनावर काम करते ते, तपासावे. पायरेथ्रॉइडसाठी सोडियम वाहिनीतील १०१४ व्या स्थानी ल्युसिनऐवजी फिनाइलॲलनिन आले आहे का, आणि डायमाइड गटातील कीटकनाशकांसाठी कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात रायनोडिन ग्राहकातील ४९४६ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आले आहे का, हे पीसीआर व अनुक्रमणाने कळते.

उत्परिवर्तन निश्चित झाल्यावर शेतातील नमुन्यात केवळ प्रतिकारक किडे मोजू नयेत. तिन्ही जनुकप्रकारांची संख्या वेगवेगळी नोंदवावी आणि विषमयुग्मजी किड्यांची संख्या लिहिताना त्या शेतात शेवटची फवारणी किती दिवसांपूर्वी झाली होती, हेही शेजारच्या रकान्यात लिहावे.