निर्णय उघडा असतानाच: रुग्णासोबत मिळून निर्णय घेण्यासाठी परिचारिकांची तयारी

संमतीपत्रावर सही घ्यायला सिस्टर जाते तेव्हा निर्णय बहुतेक वेळा होऊन गेलेला असतो. ऑपरेशनची वेळ ठरलेली असते, रुग्ण उपाशी असतो, नातेवाईक दाराशी उभे असतात. त्या घडीला ‘तुमचं काय मत आहे?’ असं कितीही मनापासून विचारलं तरी उत्तर ‘डॉक्टर म्हणतील तसं’ हेच येणार. रुग्णासोबत मिळून निर्णय घ्यायचा, म्हणजे ज्याला शेअर्ड डिसिजन मेकिंग म्हणतात ते करायचं, तर निर्णय अजून उघडा असतानाच परिचारिका रुग्णापर्यंत पोहोचायला हवी. पुढची सगळी तयारी याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी एकच निर्णय निवडा

‘सगळ्या वॉर्डांत सगळ्या रुग्णांसाठी’ अशी सुरुवात केली की प्रशिक्षण भाषणांवरच संपतं. एक विभाग घ्या आणि त्यातला एक निर्णय घ्या. तो निवडताना तीन गोष्टी बघा. वैद्यकीयदृष्ट्या योग्य असे किमान दोन पर्याय खरोखर उपलब्ध आहेत का? कोणता बरा हे रुग्णाच्या जगण्यावर आणि आवडीनिवडीवर अवलंबून आहे का? विचार करायला काही दिवस तरी हातात आहेत का? पक्षाघाताचा झटका, सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं), जोराचा रक्तस्राव अशा प्रसंगांत ही पद्धत बसत नाही. तिथे वेळ हाच उपचार असतो.

मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या रुग्णाचा निर्णय सुरुवातीला उत्तम. मशीनवरचं डायलिसिस सहसा आठवड्यातून 3 वेळा, दर खेपेला साधारण 4 तास चालतं आणि त्यासाठी बहुधा केंद्रावर यावं लागतं. पोटातून होणारं डायलिसिस घरी करता येतं: हाताने करायचं तर दिवसातून साधारण 4 वेळा द्रव बदलायचा, यंत्राने करायचं तर रात्री झोपेत. काहींसाठी प्रत्यारोपण शक्य असतं. वयस्क आणि इतर गंभीर आजार असलेल्या काहींना डायलिसिस न करता त्रास आटोक्यात ठेवणारी काळजी अधिक पटते. नोकरी, घरातली जागा, सुयांची भीती, घरात मदतीला कोण आहे, एकट्याने निगुतीने स्वच्छता पाळता येईल का, अशा गोष्टींवर इथे निवड फिरते, आणि त्या परिचारिकेला सर्वांत आधी कळतात. शिवाय मशीनसाठी हातात फिस्टुला (शस्त्रक्रियेने रोहिणी आणि नीला यांची केलेली जोडणी) केला तर तो वापरायोग्य व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. उशिरा बोललात तर निवड आपोआप गळून पडते आणि मानेतल्या नळीवर घाईत सुरुवात करावी लागते.

कोणी काय बोलायचं, हे आधी लिहून ठेवा

सुरुवातीला 4 ते 6 परिचारिका पुरेत. अनुभवाची वर्षं मोजू नका. ऐकताना मध्ये न तोडणारी आणि आकड्यांना न घाबरणारी माणसं निवडा. वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आणि त्या विभागाचा एक डॉक्टर सुरुवातीपासून सोबत हवा. डॉक्टर बाहेर राहिला तर रुग्णाशी केलेलं अर्ध्या तासाचं बोलणं राऊंडवरच्या एका वाक्याने पुसलं जातं.

मग डॉक्टर आणि परिचारिका मिळून एका पानाचा करार लिहा. निदान, ‘या रुग्णासाठी कोणते पर्याय योग्य आहेत’ आणि ‘कोणता चालणारच नाही’ हे सांगणं डॉक्टरचं काम. पर्याय समजावून देणं, रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं ते काढून घेणं, समजलं की नाही ते तपासणं आणि निर्णयाच्या चर्चेला त्याला तयार करणं परिचारिकेचं काम. तिने उत्तर देऊ नये असे प्रश्नही नावानिशी लिहा. उदाहरणार्थ, ‘मी किती वर्षं जगेन?’ त्यावर तिने म्हणायचं: ‘हा प्रश्न मी डॉक्टरांसाठी लिहून घेते, उद्या त्यांच्यासमोर आपण मिळून विचारू.’ आणि तो खरोखर लिहायचा. हे पान नसेल तर दोन टोकं दिसतात: काही जणी भीतीने गप्प राहतात, काही जणी मर्यादा ओलांडतात.

माहितीपत्रक प्रशिक्षणाच्या आधी हवं

वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात निर्णयासाठी मार्गदर्शन करण्यावरचे 28 अभ्यास तपासले गेले. पुराव्यावर आधारलेली माहिती सोबत असताना असं मार्गदर्शन रुग्णांचं ज्ञान वाढवू शकतं, असं त्यातून दिसलं. नुसत्या बोलण्याबद्दल तेवढं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणून परिचारिकेच्या हातात कागद हवा. दोन पानी पुरे: वर निर्णय काय आहे ते एका वाक्यात, खाली पर्याय शेजारी-शेजारी रकान्यांत, आणि आडव्या ओळींत रुग्णाचे खरे प्रश्न. दिवस कसा जाईल? किती वेळ लागेल? काय बिघडू शकतं? नंतर बदलता येईल का? ‘तूर्त काही न करणं’ हा पर्याय योग्य असेल तर त्यालाही रकाना हवाच. कोणत्याही रकान्याला ठळक रंग किंवा ‘शिफारस’ असा शिक्का नको. शेवटी आढावा कधी घेतला ती तारीख लिहा आणि वर्षातून एकदा ती बदलली जाते का ते बघा.

प्रशिक्षण: ऐकणं कमी, बोलून बघणं जास्त

एकूण 8 तास धरा, 4-4 तासांची दोन सत्रं, मध्ये साधारण एका आठवड्याचं अंतर. व्याख्यान एका तासावर जाऊ देऊ नका. व्याख्यानानंतर सगळ्यांना ‘हे तर आपण करतोच’ असं वाटतं आणि खऱ्या बोलण्यात काही बदलत नाही. ते वाटणं मोडायचा सोपा उपाय आहे: पहिल्याच सत्रात प्रत्येकीचं 10 मिनिटांचं सरावातलं बोलणं ध्वनिमुद्रित करा आणि ती स्वतः किती मिनिटं बोलली ते तिलाच मोजायला द्या.

बोलण्याचा सांगाडा म्हणून या विषयाचे संशोधक ग्लिन एल्विन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली मांडलेली आणि 2017 साली सुधारलेली तीन टप्प्यांची मांडणी शिकवायला सोपी आहे. पहिला टप्पा सोबतीचा: निवड करायची आहे, आणि ती तुम्ही एकट्याने करायची नाही, हे सांगणं. दुसरा पर्यायांचा: काय काय शक्य आहे आणि प्रत्येकाचे फायदे-तोटे. तिसरा निर्णयाचा: तुम्हाला काय जपायचं आहे त्यावरून कुठे कल जातो ते बघणं. पहिला टप्पा बहुतेक जणी वगळतात आणि थेट पत्रक वाचायला लागतात. मग रुग्णाला वाटतं की डॉक्टरला ठरवता येत नाही म्हणून आपल्याला विचारताहेत. ‘दोन्ही उपचार वैद्यकीयदृष्ट्या चालतात, तुम्हाला कोणता झेपेल हे तुमच्याशिवाय कोणाला ठरवता येणार नाही’ एवढं वाक्य ती शंका दूर करतं. ते पाठ नको, पण तोंडात बसायला हवं.

सराव तिघींच्या गटात: एक परिचारिका, एक रुग्ण, एक निरीक्षक. 10 मिनिटं बोलणं, 5 मिनिटं चर्चा, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाच्या हातात कागद द्या आणि तिला मोजायला सांगा: किती उघडे प्रश्न विचारले, रुग्णाला किती वेळा मध्येच तोडलं, प्रश्नानंतर 5 सेकंद तरी शांत राहिली का. शांत राहणं सर्वांत अवघड जातं, आणि खरं उत्तर बहुधा त्या शांततेनंतरच येतं.

आकडे सांगण्याला स्वतंत्र दीड तास द्या. हा भाग घाईत उरकला जातो आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. ‘धोका निम्मा होतो’ हे वाक्य बोलण्यातून काढून टाका. शंभरातल्या 40 वरून 20 हाही निम्मा आणि 2 वरून 1 हाही निम्मा, पण माणसाच्या निर्णयासाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाजक एकच ठेवा: एका पर्यायाला ‘50 त 1’ आणि दुसऱ्याला ‘200 त 1’ म्हटलं तर पुष्कळांना 200 चा धोका मोठा वाटतो. दोन्ही बाजू सांगा: शंभरातल्या 5 जणांना त्रास होतो, 95 जणांना होत नाही. काळ सांगा: एका वर्षात की जन्मभरात? आणि ‘क्वचित’, ‘बऱ्याचदा’ हे शब्द एकटे वापरू नका. युरोपातल्या औषधांच्या पत्रकांत ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणजे शंभरातल्या 1 ते 10 जणांना होणारा. वाचणाऱ्याच्या मनात तो आकडा बराच मोठा होतो. शंभर ठिपक्यांचा तक्ता आणि एक पेन एवढ्या सामानात हे सगळं दाखवता येतं.

समजलं का, हे तपासताना ‘समजलं ना?’ विचारू नका. मान हलते आणि बोलणं तिथेच संपतं. ‘घरी गेल्यावर मुलीला हे कसं सांगाल? मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय’ असं विचारा. परीक्षा सांगणाऱ्याची आहे हे रुग्णाला कळलं की तो मोकळेपणाने बोलतो. चुकलं तर तेच वाक्य मोठ्याने परत म्हणू नका, दुसऱ्या शब्दांत सांगा.

‘सिस्टर, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?’

हा प्रश्न येणारच. त्यासाठी वेगळा सराव हवा. ‘मला सांगता येणार नाही’ म्हटलं की रुग्णाला झिडकारल्यासारखं वाटतं. स्वतःचं मत दिलं की निर्णय तिथेच बंद होतो, कारण रुग्ण तिच्यावर विश्वास ठेवतो. मधली वाट अशी: ‘माझं घर वेगळं, माझं काम वेगळं. तुम्ही मघाशी म्हणालात, सकाळी लवकर कामावर जाणं सोडायचं नाही. त्या एका गोष्टीने बघितलं तर हे पर्याय कसे दिसतात, ते आपण बघू.’ रुग्णाचे शब्द त्यालाच परत द्यायचे. यासाठी ते आधी ऐकलेले असावे लागतात, म्हणून रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं हे विचारणं या प्रश्नाच्या आधी यायला हवं.

काही जणांना निर्णय खरोखरच डॉक्टरवर सोपवायचा असतो, आणि तीही त्यांची निवड आहे. पण सोपवण्याआधी पर्याय कळले होते का आणि ‘मला काय जपायचं आहे’ हे डॉक्टरपर्यंत पोहोचलं का, हे बघा.

नातेवाईक बोलतात आणि रुग्ण गप्प बसतो, ही दुसरी अवघड जागा. नातेवाइकांना दूर सारू नका, रुग्णाला घरी तेच सांभाळणार असतात. आधी रुग्णाला एकट्याला 5 मिनिटं भेटा आणि ‘बोलताना कोण सोबत हवं?’ हे विचारा. मग सगळ्यांसमोर पहिला प्रश्न नाव घेऊन रुग्णालाच. नातेवाईक उत्तर देऊ लागले तर ‘तुमचंही ऐकायचंय, आधी त्यांचं ऐकते’ एवढं पुरतं.

खरं बोलणं, खरी ड्युटी

प्रशिक्षणानंतर पहिली 3 बोलणी अनुभवी व्यक्तीसमोर व्हावीत. अभिप्राय त्याच दिवशी, 15 मिनिटांत: काय जमलं, एक गोष्ट बदलायची. चार गोष्टी सांगितल्या तर एकही बदलत नाही.

ड्युटीच्या तक्त्यात वेळ दाखवा. एका बोलण्याला 30 मिनिटं, नोंदीला 10. त्या वेळात तिच्या खाटा कोण बघणार त्याचं नाव लिहा. हे केलं नाही तर इंजेक्शनच्या वेळा आणि नव्याने दाखल होणाऱ्या रुग्णांच्या गर्दीत बोलणं रोज उद्यावर जातं, आणि दोन महिन्यांत उपक्रम कागदावर उरतो. जागाही हवी: खुर्ची, बंद होणारं दार. उभ्याने, खाटेच्या पायथ्याशी केलेलं बोलणं रुग्णाला घाईचंच वाटतं.

बोलण्याच्या शेवटी शुअर चाचणी घ्या, म्हणजे रुग्ण निर्णयाबद्दल अजून द्विधा आहे का हे बघणारे चार हो-नाही प्रश्न. तुमच्यासाठी योग्य काय याची खात्री वाटते का? प्रत्येक पर्यायाचे फायदे आणि धोके माहीत आहेत का? त्यांतलं तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय, हे स्पष्ट आहे का? निवड करायला पुरेसा आधार आणि सल्ला मिळतो आहे का? एक जरी ‘नाही’ आलं तरी निर्णय अजून पिकलेला नाही. कुठे ‘नाही’ आलं त्यावरून पुढचं पाऊल ठरतं: दुसऱ्यावर असेल तर पत्रक पुन्हा काढा, तिसऱ्यावर असेल तर माहितीचा मारा थांबवा आणि त्याच्या दिवसाबद्दल बोला, चौथ्यावर असेल तर घरी कोण काय म्हणतंय ते विचारा.

केसपेपरवर चार ओळी पुरेत: कोणते पर्याय सांगितले, रुग्णाला काय महत्त्वाचं (त्याच्याच शब्दांत), शुअरची चार उत्तरं, डॉक्टरसाठी उरलेले प्रश्न. ‘रुग्णाला समजावले’ एवढंच लिहिणं चालू दिलंत तर रात्रपाळीच्या सिस्टरला आणि सकाळच्या राऊंडला काहीच हाती लागत नाही. हँडओव्हरमध्ये ‘निर्णय बाकी’ हे तोंडाने सांगायचं, म्हणजे कोणी चुकून संमतीपत्र पुढे करणार नाही.

परिणाम मोजायला रुग्णाला कोलॅबोरेट या छोट्या प्रश्नावलीचे तीन प्रश्न विचारा, 0 ते 9 गुणांत: आजार समजावण्यासाठी किती प्रयत्न झाले, तुम्हाला काय महत्त्वाचं ते ऐकण्यासाठी किती, आणि पुढे काय करायचं ठरवताना ते धरण्यासाठी किती. विचारणारी व्यक्ती बोलणं करणाऱ्या परिचारिकेहून वेगळी हवी, नाहीतर सगळे 9 येतील. किती जणांनी कोणता उपचार निवडला, यावर परिचारिकेचं काम कधीही मोजू नका. एका पर्यायाकडे रुग्ण वळवल्याबद्दल तिचं कौतुक झालं, तर पुढच्या वेळी ती नकळत ढकलायला लागते. मात्र सगळेच एकच पर्याय निवडताना दिसले तर पत्रक आणि दोन-तीन ध्वनिमुद्रणं काढून तपासा, कुठेतरी पारडं झुकलेलं असण्याची शक्यता आहे.

तीन महिन्यांनी प्रत्येकीचं एक बोलणं रुग्णाच्या परवानगीने पुन्हा ऐका. सहसा पहिल्यांदा निसटतात त्या दोन गोष्टी: सुरुवातीचं ‘आपण मिळून ठरवू’ आणि प्रश्नानंतरची शांतता. त्यांच्यासाठी एका तासाची उजळणी ठेवा. नवी परिचारिका विभागात आली की तिने आधी दोन बोलणी ऐकावीत आणि मगच सरावाला बसावं.